एका हाताने तबला व डग्गा वाजविला, त्याचे वर्तमान

श्रीनादरूपिणी प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ज्या राज्याचे वर्तमान पुढे लिहितो त्याचे नाव कोणी पुसू नये व आम्हीही सांगणार नाही. इतुके पुरे की राज्य तिसऱ्या मजल्यावर होते, तीन खोल्या व पश्चिमेस एक सज्जा एवढा मुलूख, आणि त्याचे धनी भार्गवराव तबलावादक व कुमुदिनीबाई गायिका, उभयतां पतिपत्नी, आणि त्यांची एकुलती कन्या शर्वरी. बाईसाहेबांनी गावे आणि रावांनी साथ करावी, ऐसे लग्नापासून चालत आले. बाईसाहेबांच्या गाण्यास दुसऱ्या कोणाचा ठेका कधी लागला नाही, आणि कोणी कारण पुसलेच तर त्या हसून म्हणत की सवय आहे. भीमपलासीत त्यांनी स्वतः बांधलेली एक बंदिश होती, मध्यलयीची, तीनतालातली. ती बैठकांतून बहुत वाखाणली गेली, परंतु तिचे ध्वनिमुद्रण म्हणोन कोठे जाहले नव्हते, कारण उभयतांस वाटे की घाई काय आहे, आपण आहोतच.

मग रावांस पक्षाघात जाहला. सकाळी चहाचा कप डाव्या हातातून गळला आणि तोंड वाकडे जाहले आणि राव काही बोलू गेले ते कोणास समजेना. तैसेच उचलून दवाखान्यात नेले, जीव राहिला, काही काळाने वाचा परतली, पाय परतला, परंतु डावा हात परतला नाही. मांडीवर ठेवावा तर तेथेच राहावा, ऐसा जाहला. डॉक्टर हेरवाडकर म्हणोन होते, त्यांनी बजाविले की रक्तदाब चढू देऊ नये, मनास ताण देऊ नये, दुसरा झटका आला तर तो पहिल्यासारखा सोडून जाणार नाही. त्या दिवसापासून राज्यावर भीतीचा अंमल बसला. बाईसाहेब शाळेत मुलांस गायन शिकवीत, त्या नोकरीवर जात, परंतु घरी एक सूर लावीत ना. तानपुरा गवसणीत गेला, तबला-डग्गा कपाटावर चढला. सकाळ-संध्याकाळ रावांचा रक्तदाब मोजला जाई आणि यंत्राचा पट्टा दंडावर फुगू लागला की मायलेकी हातचे काम टाकून आकड्याकडे पाहत. राव न्हाणीघरात जरा अधिक वेळ राहिले तरी बाईसाहेब दारावर टिचकी मारीत आणि आतून ओ येईपर्यंत तेथून हलत ना. राव मनात कष्टी होत, परंतु बोलत नसत, कारण बोलले तर बाईसाहेबांस वाटे की चिडले, आणि चिडले म्हणजे दाब चढला.

कन्या शर्वरी कचेरीचे काम घरूनच करी. तिजपाशी एक टॅब होता, आणि फुरसतीत त्यावर गाणी रचून भरण्याचा तिला नाद. एके दुपारी आई शाळेत गेली असता तिने बापास तो टॅब दाखविला आणि सांगितले की यात आवाज वेगवेगळ्या रांगांत साठविता येतो, एकेका रांगेस ट्रॅक म्हणतात, पहिला ट्रॅक कानी वाजत असता त्याजखाली दुसरा भरावा, मग तिसरा, आणि शेवटी सर्व मिळून वाजविले म्हणजे ऐकणारास वाटते की सर्व मंडळी एके वेळी बसली होती. हे सर्व तिने एकटीच्याच आवाजांत करून ऐकविले, आणि राव ऐकत राहिले, आणि मग बराच वेळ टॅबकडे पाहून त्यांनी विचारिले, “म्हणजे आधी नुसता तबला आणि मग नुसता डग्गा, असं जमेल?”

शर्वरी म्हणाली, “जमेल. पण डग्गा कोण वाजवणार, बाबा?”

रावांनी उजवा हात वर केला आणि म्हणाले, “हाच.”

मग बापलेकींची मसलत ठरली. रावांचे मनोगत ऐसे की बाईसाहेबांच्या बंदिशीचा ठेका तयार करावा आणि तो त्यांच्यापुढे ठेवावा, म्हणजे त्या गातील. दुसऱ्याच्या ठेक्यावर गाणार नाहीत हे राव जाणून होते, आणि आपणामुळे एक गळा बंद पडला ही गोष्ट त्यांस हातापेक्षा अधिक सलत होती. परंतु बाईसाहेबांस कळले तर त्या भीतीने होऊ देणार नाहीत, म्हणोन त्या शाळेत असता दुपारीच उरकावे आणि त्या येण्यापूर्वी वाद्ये पुन्हा कपाटावर चढवावीत, ऐसे ठरले. कन्येच्या चित्ती धाकधूक होती. तिने अट घातली की आधी व नंतर रक्तदाब मोजीन आणि आकडा चढला तर बंद. रावांनी मान्य केले.

तदनंतर खिडकीस गादी उभी करून लाविली, पंखा बंद केला, दाराची घंटा बंद केली, आणि खाली मांडी घालून बसवेना म्हणोन राव पलंगाच्या काठी बसून समोर चौरंगावर तबला मांडते जाहले. कानावर हेडफोन चढविले, ज्यांत टॅबमधून ठोका पडत होता. उजव्या हातास तबल्याची विस्मृती जाहली नव्हती. ना, तिं, कडेवरची ती चाट, सर्व जागचे जागी निघाले. एक वेळ खालच्या मजल्यावरील कुकरची शिट्टी मध्ये शिरली म्हणोन पुन्हा वाजविले, एवढेच विघ्न. कन्या हर्ष पावली. परंतु डग्ग्याची गोष्ट निराळी. मनगट पुडीवर, म्हणजे डग्ग्याच्या कातड्यावर, टेकवून बोटांनी घुमारा काढणे आणि मनगट पुढे दाबीत नेऊन तो वर चढविणे हे काम डावा हात जन्मभर न विचारता करीत आला. उजव्या हातास ते ठाऊक नव्हते. राव नवशिक्यासारखे रोज दुपारी घे, घे, करीत बसले. कपाळी घाम येई, आणि कन्या त्या घामाकडे पाही, आणि खोटे हसून म्हणे की छान येतंय. बाईसाहेब घरी आल्या म्हणजे राव डोळे मिटून निजल्याचे सोंग करीत, आणि बाईसाहेब कन्येस हळूच पुसत की आज दमलेले का दिसतात, आणि कन्येस उत्तर देता देता तोंड चुकवावे लागे.

मग हात बसला ऐसे रावांस वाटले, आणि डग्ग्याचा ट्रॅक भरावयाचा दिवस आला. हेडफोनमध्ये त्यांचाच तबला वाजू लागला आणि त्यावर त्यांनी डग्गा वाजविला, अखेरपर्यंत, न अडखळता. हेडफोन उतरले तेव्हा मुद्रा प्रसन्न होती. कन्येने दोन्ही ट्रॅक एकत्र करून मोठ्याने वाजविले. आणि ऐकता ऐकता रावांचे तोंड उतरत गेले. धा म्हणजे तबल्याचा ना आणि डग्ग्याचा घे एकाच क्षणी पडावेत, तेव्हा धा होतो. येथे ना पडे आणि मग मागाहून घे पडे. प्रत्येक धा मधोमध फुटला होता. राव म्हणाले पुन्हा भरू, आणि पुन्हा वाजविले, आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अधिक लक्ष देऊन, दात आवळून वाजविले, तरी तेच. मग रावांनी हेडफोन पलंगावर ठेविले आणि अगदी हळू बोलले, “लय गेली.”

कन्या म्हणाली की नाही बाबा, सवयीने येईल, परंतु तिच्या आवाजात जोर नव्हता, कारण तिच्याही मनी तेच आले होते. मेंदूस इजा जाहली म्हणजे वेळेचे भानही जाते ऐसे तिने कोठे वाचिले होते. हात गेला हे रावांनी सोशिले, कारण हात म्हणजे हाड-मांस. लय म्हणजे ते स्वतः. राव भिंतीकडे तोंड करून आडवे जाहले आणि काही केल्या बोलेनात. कन्येने यंत्र लाविले, आकडा चढला होता. तबला-डग्गा कपाटावर चढविण्याचेही तिला सुचले नाही.

इतक्यात बाईसाहेब आल्या. खिडकीस गादी, चौरंगावर डग्गा, कन्या रडवेली, आणि राव भिंतीकडे तोंड करून निजलेले व हाक मारिता ओ देत नाहीत. बाईसाहेबांनी पिशवी तेथेच टाकिली, रावांस खांद्याला धरून फिरविले, डोळे उघडे होते परंतु वाचा नाही, आणि बाईसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टरांस फोन जाहला, डॉक्टर आले, दोन्ही हात पाहिले, हसावयास लाविले, जीभ पाहिली, डोळ्यांत उजेड टाकिला, आणि सांगितले की नवा झटका नाही. बाईसाहेब म्हणाल्या की मग बोलत का नाहीत. डॉक्टर म्हणाले की ते त्यांनाच विचारा, मला त्यांच्या शरीरात काही सापडत नाही, दाब चढला आहे, गोळी देतो, परंतु तो कशाने तरी चढला आहे. आणि गेले.

मग स्वयंपाकघरात कन्येने आईस सर्व सांगितले. बाईसाहेब ओट्यास टेकून ऐकत राहिल्या.

“मला विचारायचं तरी,” बाईसाहेब म्हणाल्या.

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. नाहीच म्हणाले असते.”

दुसरे दिवशी राव उठले, परंतु जेवेनात. ताटावर बसत आणि घास चिवडून उठत. बाईसाहेबांनी शाळेत रजा टाकिली. दाब मोजिला तो चढलेलाच, आणि त्यांच्या मनात आले की तबला नाही, गाणे नाही, ताण नाही, सर्व राखिले, तरी आकडा उतरत नाही, तर आपण इतके दिवस कशाची राखण केली. मग त्यांनी कन्येस स्वयंपाकघरात बोलाविले, दार ओढून घेतले आणि म्हणाल्या की ते काय भरलेत ते मला ऐकव. कन्या म्हणाली की नको आई, तुला त्रास होईल. बाईसाहेब म्हणाल्या की लाव.

कन्येने लाविले. बाईसाहेबांनी पहिल्याने डोळे मिटले आणि धा फुटलेला ऐकताच ओठ आवळले. कन्येने बंद करावयास हात पुढे केला तो त्यांनी धरिला. अखेरपर्यंत ऐकिले, मग पुन्हा लाविण्यास सांगितले, आणि या वेळी ओट्यावर बोटांनी ताल धरिला. तिसरे वेळी नुसता डग्ग्याचा ट्रॅक लाविण्यास सांगितला, एकट्याचा. तो ऐकून त्यांची मान हळूहळू हलू लागली.

“शर्वरी, लय गेलेला माणूस एकदा पुढे पळतो, एकदा मागे रेंगाळतो. इथे प्रत्येक धा तेवढाच फुटलाय. समेला तेवढाच, खालीनंतर तेवढाच, शेवटी तेवढाच. नुसता डग्गा ऐक, कुठे हललाय?”

“मग चुकतंय काय?”

“ह्यांचं काही चुकत नाहीये. ह्यांना ऐकूच उशिरा येतंय.”

कन्येने कपाळावर हात मारून घेतला. ते हेडफोन बिनतारी होते. टॅबमधून आवाज निघून बिनतारी वाटेने कानी पोहोचण्यास किंचित विलंब लागतो. गाणी ऐकणारास तो जाणवत नाही, परंतु त्यावर दुसरे वाद्य वाजवून भरणाराचा सर्व डाव त्याने बिघडतो. राव तबला उशिरा ऐकत होते आणि जैसा ऐकला तैसा, अगदी बरोबर, त्यावर डग्गा देत होते. कन्या स्वतः नेहमी तारेचे इअरफोन लावून गाणी भरी, बापास कानात बोंडे टोचतात म्हणोन तिने मायेने हे मऊ हेडफोन दिले होते. तिने डग्ग्याचा ट्रॅक बोटाने पडद्यावर किंचित अलीकडे सरकविला, आणि दोन्ही मिळून वाजविले, आणि धा सांधला गेला. स्वयंपाकघरात अखंड तीनताल वाजला. कन्या ते ऐकवावयास धावली, तो बाईसाहेबांनी तिला थांबविले. म्हणाल्या की हे ऐकवलंस तर ते म्हणतील की पोरीने यंत्रात दुरुस्त केले. त्यांना स्वतः वाजवू दे.

मग बाईसाहेब आत गेल्या आणि पलंगाशी बसल्या आणि सर्व समजावून सांगितले. राव ऐकून म्हणाले, “तुम्ही दोघी माझी समजूत काढताय.”

“अहो, लयीच्या बाबतीत मी आजवर कधी तुमची समजूत काढली आहे?”

रावांनी त्यांजकडे पाहिले. विचार करिता एकही प्रसंग आठवेना. उलट मैफलीहून परतताना रिक्षातच झालेली भांडणे आठवली. मग म्हणाले की बसवा मला.

कन्येचे तारेचे इअरफोन पुढे आले, आणि राव टोचल्याची तक्रार न करिता ती बोंडे कानांत घालिते जाहले. बाईसाहेब रक्तदाबाचे यंत्र मांडीवर घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या की वाजवा, पण मी येथून उठणार नाही. त्यांच्या मनात काय चालले होते ते त्याच जाणोत. एकीकडे वाटे की वाजवू द्यावे, एकीकडे वाटे की आपल्या परवानगीने हा माणूस हातचा जाईल. राव वाजवू लागले. उजवे मनगट डग्ग्यावर टेकले, सरकले, घुमारा निघाला. वाजवून जाहले आणि कन्येने दोन्ही एकत्र लाविले, काही न सरकविता. समेवरचा धा पडला तो एकच पडला. राव ऐकत होते. आवर्तन जाहले, दुसरे जाहले, आणि राव म्हणाले की परत लाव. आणि ते लाविले असता त्यांनी तोंड फिरविले आणि सज्ज्याकडे पाहत राहिले, आणि मायलेकींनीही त्यांच्याकडे पाहिले नाही.

मग राव म्हणाले की आता यावर तू गा. बाईसाहेबांनी गवसणी काढिली, तानपुरा मिळविला. बहुत दिवसांचा न गायलेला गळा, पहिल्याने षड्‌जच फाटला. पाणी प्याल्या, पुन्हा लाविला. कानात रावांचा ठेका घेऊन स्थायी गायिल्या, ती साधली. अंतऱ्यास गेल्या आणि तार षड्‌जावर पोहोचून एकाएकी थांबल्या. पुन्हा घेतला, पुन्हा तेथेच थांबल्या. राव घाबरले, म्हणाले की लय चुकतेय काय माझी. बाईसाहेबांनी मान हलविली आणि कसे सांगावे ऐसे करून म्हणाल्या, “इथे मी जरा रेंगाळते. तुम्ही ठेका सैल सोडायचात. हा सोडत नाही. पुढे जातोय मला टाकून.”

आता हे तर खरेच होते. एकदा भरलेला ठेका कोणासाठी थांबावा कैसा. कन्या हिरमुसली. इतुक्या खटपटीनंतर बंदिश पुन्हा अडली, आणि राव मान खाली घालून बसले. मग राव डोके वर करून म्हणाले, “तू आधी गा. मी मागून येतो.”

बाईसाहेब म्हणाल्या की ठेक्याशिवाय, नुसत्या तानपुऱ्यावर, मी आजवर बंदिश गायिले नाही, कोठे जाईन मी. राव म्हणाले की मी समोर बसतो. आणि ते समोर बसले, आणि उजव्या हाताने आपल्याच मांडीवर, अगदी बिनआवाजी, ताल दाखवू लागले, जेणेकरून टॅबमध्ये काही उमटू नये आणि बाईसाहेबांस दिसावे. बाईसाहेबांनी त्या हातावर दृष्टी ठेवून गायिले. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, मध्ये भयाचा एक कंप होता आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. अंतऱ्यात तार षड्‌जावर त्या रेंगाळल्या तेव्हा मांडीवरचा हात हवेत थांबला, आणि त्यांनी स्वर सोडिला तेव्हा खाली आला. कन्येने श्वास रोखून धरिला, की आपला श्वास आत उमटेल.

पुढील दुपारी रावांनी ते गाणे कानी घेऊन तबला भरिला, आणि थोडी विश्रांती घेऊन त्याच हाताने डग्गा भरिला. आता पुन्हा भय, कारण गाणारी थांबून राहत नाही, ती गाऊन गेलेली आहे. जेथे ती रेंगाळली तेथे अगोदरच जाणून रेंगाळले पाहिजे, आणि दोन्ही वेळा सारखेच, नाही तर धा पुन्हा फुटेल. कन्या म्हणाली की चुकले तर जोडून घेऊ. राव म्हणाले की जोडायचे नाही. पहिल्या खेपेस तबला बरा उतरला आणि डग्गा अंतऱ्यात घसरला. दुसऱ्या खेपेस राव दमले आणि बाईसाहेबांनी इअरफोन काढून घेतले. तिसऱ्या दुपारी साधले.

तिघांनी सज्ज्यात बसून ऐकिले. अंतऱ्यात बाईसाहेब रेंगाळल्या तेथे ठेका रेंगाळला, आणि त्या उतरल्या तेथे धा पडला, सबंध. परंतु त्या थांब्यात, स्वर लांबत असता, एक बारीक आवाज ऐकू आला. डग्गा भरताना राव तेथे श्वास रोखून बसले होते आणि मग सोडिला, तो मायक्रोफोनने टिपला होता. कन्या म्हणाली की एवढा श्वास मी पुसून टाकिते, एका बोटाचे काम आहे.

बाईसाहेब म्हणाल्या, “हात लावू नकोस त्याला.”

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. डावा हात परतला नाही. दुसऱ्या झटक्याचे भय अद्यापि आहे, गोळ्या चालू आहेत, आणि दारावरची टिचकीही चालू आहे. बंदिशीचे एक ध्वनिमुद्रण टॅबमध्ये असे. त्यात गळा एक, हात एक. सध्या दुसऱ्या बंदिशीची तयारी चालली असून झपताल घ्यावा की रूपक, यावरून उभयतांत भांडण आहे. खालच्या मजल्यावर ऐकू जाते. इति.